गाडी लालबागला तापते की घाटात? थर्मोस्टॅट काढून टाकण्याआधी एवढं तपासा



गणपती ते दिवाळी हे आपल्या फुलांचे आणि भाजीचे दिवस. कुणाची गाडी पहाटे दादरच्या फूलबाजारात लागते, कुणाची तिथून हिंदमाता, परळ, लालबाग करत भायखळ्याच्या भाजी मार्केटला जाते, कुणी परळ-दादरच्या सोसायट्यांत थेट माल देतो. पहाटे चारला उतरलेल्या झेंडूला जो भाव मिळतो, तो आठला उतरलेल्याला मिळत नाही. अशा वेळी जुनी जीप, पिकअप किंवा ओम्नी वाटेत उकळली, तर गाडीसोबत मालही जातो.

गाडी तापली की एक सल्ला हमखास मिळतो: "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत लागत नाही." आजचा संदेश याच सल्ल्याबद्दल आहे. *थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नाही. त्यानं दुखणं झाकलं जातं, आणि काही इंजिनांत वाढतं.*

*🔧 थर्मोस्टॅट करतो काय?*

पाटाच्या पाण्याला आपण दारं धरतो, तसं थर्मोस्टॅट इंजिनाच्या पाण्याला दारं धरतो. आत मेणाची छोटी डबी असते. इंजिन थंड असताना तो बंद असतो, पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. किती अंशांवर उघडायचं तो आकडा बहुतेक वेळा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो.

तो काढला, तर इंजिन कायम थंड चालतं. डिझेल जास्त पितं, ऑइल लवकर खराब होतं, पिस्टन-रिंगची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. एक रेडिएटरची वाट उघडते, तेव्हाच दुसरी आतली फिरण्याची वाट बंद करते. अशा इंजिनातला थर्मोस्टॅट काढला, की बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरत राहतं. मग घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

*🛣️ मुंबईची खेप म्हणजे गाडीची तपासणी*

आपण देशावरून मुंबईला जाताना बोरघाट किंवा कसारा घाट *उतरतो*. उतारावर भरलेली गाडीही इंजिनावर जोर देत नाही. म्हणून "जाताना काटा जागचा हलला नाही" यावरून गाडी ठीक आहे असं समजू नका. खऱ्या परीक्षा दोन: डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोडवर परळ-लालबागचं ट्रॅफिक, आणि परतताना घाटाचा चढ. गाडी कुठे तापते ते नीट लक्षात ठेवा.

*१) उभ्या गाडीत तापते, चालू लागली की उतरते:* संशय पंख्यावर. पंखा पट्ट्यावर चालणारा असेल, तर पट्टा अंगठ्यानं दाबून बघा (इंजिन बंद ठेवून). साधारण एक-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त दबला तर ढिला आहे. विजेचा पंखा असेल तर फ्यूज, रिले आणि पंख्याचा स्विच तपासा. एसी असलेल्या बऱ्याच गाड्यांत एसी लावला की पंखा फिरायला हवा. रेडिएटरच्या जाळीत भुसा, धूळ, किडे अडकलेत का तेही बघा. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा, जोर कमी ठेवा, नाहीतर पत्रे वाकतात.

*२) चढावर किंवा वेगात तापते:* पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून क्षारानं भरलेला, वॉटर पंपाची पाती झिजलेली, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, खालचा होज पाईप आत ओढला जाणारा, किंवा कूलंटच कमी.

*३) सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर:* टाकीत कूलंट पुरेसं असेल आणि इंजिन तापूनही वरचा होज पाईप गार असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. पाईपला हात लावण्याआधी इंजिन बंद करा.

*४) काटा वर येतच नाही, डिझेल जास्त जातं:* थर्मोस्टॅट उघडा अडकलेला, किंवा आधीच्या मिस्त्रीनं काढून टाकलेला. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे आवर्जून बघा.

*५) गळती दिसत नाही पण कूलंट कमी होतं:* धुरांड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइल दुधाच्या चहासारखं, रेडिएटरमध्ये बुडबुडे. यातलं काहीही दिसलं तर हेड गॅसकेटचा संशय. अशी गाडी खेपेला काढू नका.

⚠️ तापलेल्या गाडीचा काटा *एकदम खाली पडला* तर खूश होऊ नका. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो. लगेच गाडी बाजूला घ्या.

*🍲 थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या घरी*

थंड इंजिनातून थर्मोस्टॅट काढा. जुन्या पातेल्यात (स्वयंपाकाचं नको) पाणी घ्या, दोरीनं थर्मोस्टॅट मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका. सोबत १०० अंशांपर्यंत दाखवणारं थर्मामीटर धरा. पाणी तापवा.

▪️ थंड पाण्यातच उघडा असेल तर खराब.
▪️ कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे उघडू लागला, आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पुरता उघडला तर चांगला.
▪️ पाणी उकळलं तरी उघडला नाही तर खराब.
▪️ पाणी गार झाल्यावर पूर्ण बंद व्हायलाच हवा.

नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांचा. हेड गॅसकेटचं काम हजारांत जातं. मुंबईत माल उतरवून हातात वेळ असेल, तर गिरगावात ऑपेरा हाऊसच्या भागात गाड्यांच्या सुट्या भागांची बरीच दुकानं आहेत. जुना थर्मोस्टॅट सोबत न्या, व्यास आणि अंशांचा आकडा जुळवून घ्या. बसवताना मेणाची डबी इंजिनाकडे, हलणारी बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला, आणि रबर किंवा गॅसकेट नवं.

भरताना हवा अडकू देऊ नका. गाडीचं तोंड चढाकडे करा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा. वरचा पाईप गरम होईपर्यंत बुडबुडे निघू द्या, पातळी भरा, मग झाकण लावा.

*💧 बोअरचं पाणी नको*

बोअरच्या पाण्यातला क्षार ठिबकच्या नळ्या बंद करतो, तसाच रेडिएटरच्याही. शिवाय साध्या पाण्यानं आतून गंज धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालू नका. साधं पाणी १०० अंशांवर उकळतं, निम्म्या मिश्रणाचं उकळणं सहा-सात अंश वर जातं. झाकणाच्या दाबानं ते आणखी वर जातं. म्हणून झाकणाचं रबर आणि स्प्रिंगही बघा. झाकण ढिलं असेल तर चांगली गाडीही उकळते.

🐄 *काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका.* ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं किंवा वासरू चाटून मरू शकतं. झाकणाच्या डब्यात भरा, वर "विष" लिहा, मुलांपासून लांब ठेवा, गॅरेजला द्या.

*🚨 ट्रॅफिकमध्ये काटा वर जायला लागला तर*

१. एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण चालू, काचा खाली. केबिन तापेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर निघेल.
२. पट्ट्याचा पंखा असेल तर थांबल्यावर न्यूट्रलमध्ये रेस थोडी वाढवा.
३. काटा लाल पट्ट्यात गेला की "भायखळा आता दोनच किलोमीटर" असं म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा.
४. *झाकण उघडू नका.* किमान अर्धा तास थांबा. मग जाड फडकं ठेवून पाव आटा फिरवा, वाफ जाऊ द्या, नंतरच उघडा.
५. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

पावसात हिंदमाताला पाणी साचलं असेल तर खालून न जाता पुलावरून जा. पाण्यातून जावंच लागलं तर नंतर पट्टा आणि पंखा चालतो का ते बघून मगच पुढे निघा.

"गाडी जुनी आहे, तापणारच" हेही मनातून काढा. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवा. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. इंजिन साधं, ट्रॅफिक हेच. वय हा तापण्याचा रोग नाही. गंजलेली टाकी, ढिला पट्टा आणि फेकून दिलेला थर्मोस्टॅट हे रोग आहेत. ट्रॅक्टरच्या इंजिनालाही यातलं जवळजवळ सगळं लागू आहे.

*खेपेच्या आदल्या संध्याकाळी, थंड इंजिनावर पाच मिनिटं:* कूलंटची पातळी, पट्टा, होज पाईप, रेडिएटरची जाळी, गाडीखाली ओल. बस्स.

ज्यांच्या गाड्या मुंबईला जातात त्यांना, आणि खास करून गाडी चालवणाऱ्या पोरांना, हा संदेश पुढे पाठवा. खेप सुखरूप होवो 🌼