बिलात नसलेला खड्डा

सरकारी खरेदी म्हटलं की टेबल-खुर्च्या, संगणक, औषधं, गणवेश आठवतात. माती कोणालाच आठवत नाही. पण महामार्गाच्या कामात सरकारी पैशातून ढिगाने विकत घेतली जाते ती माती आणि मुरूमच. तो मुरूम कुठून आणला, हे एरवी कोणी विचारत नाही. एखादी टेकडी पोखरली जाते, कोणाचं पडीक रान खरवडलं जातं, रस्ता पुढे सरकतो आणि मागे खड्डे उरतात.

२०१७ पासून बुलडाणा जिल्ह्यातल्या राष्ट्रीय महामार्गांच्या कामात हा प्रश्न विचारला गेला. खड्डा पडणारच असेल तर तो तळ्यात, नाल्यात पडू दे. कंत्राटदाराला मुरूम फुकट मिळेल, सरकारने त्यावरचं स्वामित्वधन सोडायचं आणि गावाला आयतं खोल झालेलं तळं मिळेल. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी तेव्हापासून भाषणांतून याला ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणत आले आहेत. आमच्या जिल्ह्याचं नाव एरवी बातम्यांत दुष्काळामुळे, शेतकरी आत्महत्यांमुळे किंवा लोणारच्या सरोवरामुळे येतं. दुसऱ्या जिल्ह्यांनी कित्ता गिरवावा असं इथे काही घडतंय, हे ऐकूनच मी मे महिन्यात मेहकर तालुक्यातल्या एका तळ्यावर गेलो.

तळं बहात्तरच्या दुष्काळातलं. तेव्हा गावाने कुदळ-फावड्याने, डोक्यावर पाट्या वाहून बांध घातला होता. आता त्याच्या पोटात दोन पोकलेन उतरले होते आणि काठावर हायवा टिपरांची रांग लागली होती. उपसलेल्या ओल्या गाळाला कुजलेल्या शेवाळाचा, मेलेल्या शिंपल्यांचा वास येत होता. तो कपड्यांतून घरापर्यंत आला.

काठावरच्या बाभळीखाली विशीतला एक पोरगा वही घेऊन बसला होता. गाडी भरून चढावर आली की वहीत एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. कंत्राटदाराने त्याला वाहतुकीचं भाडं आणि डिझेलचा हिशोब जुळवण्यासाठी बसवलं होतं. त्याने मात्र आपला स्वतःचा एक हिशोब बसवला होता.

“एक गाडी गेली का एका टँकरची जागा झाली, भाऊ. दहा हजार लिटर. हिसाब सोपा हाये.”

त्याच्या गावात चैत्र सरला की टँकर येतो, म्हणून हे माप त्याला सुचलं. मी दिवसभरात जितक्या जणांशी बोललो, त्यांच्यापैकी पाण्याचं माप फक्त त्याच्याच तोंडी होतं. बाकीचे ब्रास, घनमीटर, लीड म्हणजे वाहतुकीचं अंतर, आणि फेऱ्या यांबद्दल बोलत होते.

साइटवरच्या अभियंत्याबरोबर मी त्याचा आकडा पडताळून पाहिला. हायवाच्या हौद्यात साधारण चौदा घनमीटर मुरूम बसतो. पण जमिनीतून उकरलेला मुरूम सुटा होऊन पाव पट फुगतो. म्हणजे गाडीत चौदा दिसला तरी तळ्यातून अकराच निघालेला असतो. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. कागदावर चौदा, जमिनीत अकरा, पोराने धरले दहा. सरकारी आकडे ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला फुगवण्याऐवजी कमी धरलेला आकडा भेटला की बरं वाटतं.

तळ्यातून निघेल ते सगळं रस्त्याला चालत नाही. वरचा काळा गाळ आधी बाजूला काढतात आणि शेतकरी तो आपापल्या ट्रॅक्टरने नेतात. हलक्या रानात असा गाळ पसरला की खताचा खर्च कमी होतो आणि ओल जास्त दिवस टिकते. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही २०१७ चीच. २०१८ च्या उन्हाळ्यात भारतीय जैन संघटनेने या जिल्ह्यात शंभरावर यंत्रं उतरवून गाळ काढला तो याच धर्तीवर. रस्त्याला मात्र काळी माती नको असते. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाने भेगाळते आणि वरचं डांबर फाडते.

ते ओळखायची परीक्षा मी तिथल्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत पाहिली. काचेच्या दोन नळ्या. दोन्हींत दहा-दहा ग्रॅम चाळलेली माती, एकीत रॉकेल आणि दुसरीत पाणी. चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमधली माती फुगत नाही, पाण्यातली फुगते. पाण्यातली रॉकेलच्या दीडपटीहून वर गेली की तो माल बाद. पुढचं नेहमीचंच: थर पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, दबाई तपासायची.

गाळ शेताला, मुरूम रस्त्याला, जागा पाण्याला. एका खोदाईत तीन कामं होतात आणि सरकारी तिजोरीतून वेगळा रुपयाही जात नाही. आकडेमोड करून पाहा. समजा, एक किलोमीटर रस्त्याला वीस मीटर रुंदीचा, सरासरी एक मीटर उंचीचा भराव लागला, तर वीस हजार घनमीटर. ढोबळ हिशोबाने दोन कोटी लिटरची जागा. पोराच्या भाषेत दोन हजार टँकर, तेही एका किलोमीटरमागे. पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या कितीतरी योजना याच्या जवळपासही जात नाहीत. कारण त्या वेगळा पैसा मागतात. इथे जी खरेदी होणारच होती, तिची फक्त दिशा बदलली.

सरकारी खरेदीची ताकद मोठी असते: युरोपीय संघात सरकारी यंत्रणांची खरेदी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १४ टक्के भरते. एवढं मोठं गिऱ्हाईक अटी बदलतं तेव्हा बाजार वाकतो, हा पर्यावरणपूरक खरेदीमागचा साधा विचार. आपल्याकडेही केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत, विजेची उपकरणं घेताना त्यांचं तारांकन पाहण्याची अट आहे. पण पंख्यावर ताऱ्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती कोणीही वाचू शकतो. तळ्यातल्या खड्ड्यावर अशी चिठ्ठी नसते.

संध्याकाळी मी अभियंत्याला विचारलं, इथून किती पाण्याची जागा झाली याची नोंद कुठे होते? त्याने मोजणी पुस्तक उघडून दाखवलं. त्यात होता रस्त्यात दाबून बसलेला भराव: लांबी, रुंदी, थराची जाडी. कंत्राटदाराला पैसे मिळतात ते त्याचे. तळ्यातून किती काढलं, कुठल्या बाजूने काढलं, किती खोल गेलं, याचा बिलाशी काही संबंध नाही. म्हणजे ज्या खड्ड्यासाठी हा सगळा खटाटोप, तो बिलात नाहीच. पाण्याचं मोजमाप चाललं होतं ते फक्त बाभळीखालच्या वहीत, आणि ते करायला त्या पोराला कोणी सांगितलं नव्हतं.

याचे परिणाम लहान नाहीत. कंत्राटदार मुरूम शोधतो तो रस्त्याजवळ, कारण लीड वाढली की डिझेल वाढतं. त्यामुळे महामार्गालगतची तळी आधी खोल होतात आणि आडबाजूच्या गावाचं तळं, जिथे टँकर आधी लागतो, तसंच राहतं. घाट उतरलात तर गणितच बदलतं. घाटावरच्या मेहकर, चिखली, सिंदखेडराजा भागात दोन हात खाली मुरूम लागतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी, गाळाची जमीन खोलवर जाते आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्याकडे खारपाणपट्टा आहे. तिथे खोल खणलं तर खारं पाणी वर यायचं. जिल्ह्याच्या नावाचा हा पॅटर्न जिल्ह्याच्याच बऱ्याच भागाला लागू पडत नाही.

आणि खोल म्हणजे चांगलं, हेही सरसकट खरं नाही. पाझर तलावाने पाणी झिरपवायचं असतं. तिथे खालचा भेगाळ खडक उघडा पडला तर आसपासच्या विहिरींना फायदा होतो. गावतळ्याने पाणी धरून ठेवायचं असतं. तिथे तळाचा चिकण थर फोडला तर दिवाळीपर्यंत तळं कोरडं. बांधाच्या पायथ्याला खणलं तर बांधच धोक्यात, आणि कडा उभ्या ठेवल्या तर गुरं आणि पोरं बुडायची भीती. राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेत नाले खोल करण्यावर आक्षेप घेत अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी उच्च न्यायालयात याचिका केली होती. ती आठवण इथेही ठेवायला हवी. पोकलेनच्या बादलीला यातलं काहीच कळत नाही. ती मुरूम दिसेल तिथे जाते.

“पाऊसच नाही आला तर?” मी त्या पोराला विचारलं.

“मंग रिकामी जागा. पन जागा तं पायजे नं आधी.”

त्याच्या उत्तरात खोट काढता येत नाही. जागा म्हणजे पाणी नव्हे, पण जागेशिवाय आलेलं पाणी सांडव्यावरून पैनगंगेला जातं आणि गावाला टँकरच उरतो. म्हणून या कामाच्या बाजूने मी आहे. टेकडी पोखरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण ‘फुकट झालं’ या कौतुकाला माझा विरोध आहे. फुकट म्हणजे त्याचा मोबदला कोणी दिला नाही, आणि ज्याचा मोबदला नाही त्याचा जाबही विचारता येत नाही.

दुरुस्ती फार अवघड नाही. खोदाईआधी आणि नंतर तळ्याच्या पातळ्या घ्यायच्या, रस्त्याच्या घेतात तशाच. तळं पाझराचं की साठवणीचं हे भूजल खात्याने आधी लिहून द्यायचं आणि त्यावरून खोलीची मर्यादा ठरवायची. कडांना उतार, बांधापासून अंतर, गाळ येऊ नये म्हणून वरच्या बाजूची व्यवस्था, हे सगळं निविदेत दरासकट लिहायचं. आडबाजूच्या गावाच्या तळ्यासाठी जास्तीच्या लीडचे पैसे द्यायचे. त्याने रस्ता थोडा महाग होईल. होऊ दे. टँकरवर दर उन्हाळ्याला होणारा खर्चही सरकारच्याच खिशातून जातो, फक्त तो दुसऱ्या खात्याच्या नावावर पडतो. दोन्ही खाती एका टेबलावर आली तरच रस्त्याचं बिल महाग आहे की स्वस्त, ते खरं कळेल.