फडणिसांचा मेणवलीचा वाडा

नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेलच्या जुन्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या पेढ्या चालविणाऱ्या घरांनाही कदाचित ठाऊक नसेल, की दोनशे वर्षांपूर्वी नाना फडणीसांची विधवा जिऊबाई याच गावी इंग्रजांच्या आश्रयास येऊन राहिली होती. नाना १३ मार्च १८०० रोजी पुण्यात निवर्तले. मागे पुत्र नव्हता. उरली ती कोवळ्या वयाची पत्नी आणि वाईजवळ कृष्णाकाठी, मेणवली येथे उभा असलेला वाडा.

मेणवली गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळाले. तेथे त्यांनी वाडा, घाट आणि दोन देवळे बांधली. फडणीस म्हणजे दौलतीच्या जमाखर्चाचा धनी. त्याचे घरही हिशेबी असावे, यात नवल नाही. वाड्याला सहा चौक. बाहेरचे चौक कारभाराचे, आतले घरच्या माणसांचे, ही मराठी वाड्यांची रीत. जाड भिंती, सागवानी खांब, लाकडी तुळया, आणि काही दालनांत अजूनही टिकून असलेली भित्तिचित्रे. दर्शनी भाग मात्र साधा आहे. वैभव मिरविण्याची हौस येथे दिसत नाही. मागे उतरावे तो चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट, आणि मेणेश्वराच्या शिवालयाशेजारी टांगलेली पंचधातूची घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या विजयचिन्हांपैकी ही एक. शिवालयाशेजारी ती आजवर निर्विघ्न नांदली आहे.

पण या वाड्याचे खरे धन कागदांचे होते. रुमालांत बांधलेला पत्रव्यवहार येथे शतकभर राहिला. पुढे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या हाती आलेले हे ‘मेणवली दफ्तर’ आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. वह्या जपणाऱ्या व्यापारी घरांना त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. तख्ते उलथली, तरी नोंदी राहिल्या.

जिऊबाईला वार्षिक १२,००० रुपयांचे निवृत्तिवेतन ठरले. पेशवाईच्या अस्तानंतर मेणवलीचे इनाम तिच्याकडे परत आले. तिने दत्तक घेतला आणि घर चालू ठेवले. राजवाडे ओस पडत असताना हा वाडा राहता राहिला, तो या एकाकी स्त्रीच्या चिकाटीमुळेच म्हणावे लागेल. आजही तो फडणीस वंशजांच्या खासगी मालकीचा आहे. घाटावर मात्र कोणालाही उतरता येते.