आराखडा आधी दाखवावा, पण विचारावं काय?

1849च्या सप्टेंबरात क्रोआसेच्या घरी फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेरने लुई बुइए आणि माक्सिम द्यु कां या मित्रांना समोर बसवून आपलं नवं पुस्तक वाचून दाखवलं. रोज आठ तास, असे चार दिवस. शेवटचं पान संपेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, अशी अट. पुस्तक होतं संत अँथनीच्या प्रलोभनांवरचं, सव्वा वर्षाच्या मेहनतीचं. द्यु कांच्या आठवणींनुसार दोघांनी सांगितलं, हे जाळून टाक. तक्रारी दोन होत्या. वाक्यांचा फुलोरा अतोनात आहे, आणि गोष्ट पुढेच सरकत नाही: संत जागचा हलत नाही, प्रलोभनं रांगेने येतात नि जातात. पहिला दोष वाचल्याशिवाय कळला नसता. दुसरा मात्र दोन पानांच्या आराखड्यातही दिसला असता, आणि त्यासाठी बत्तीस तासांची गरज नव्हती. पुढे 'मादाम बोव्हारी'च्या वेळी फ्लोबेरने योजनेचे कागदावर कागद लिहिले (ते आज रुआंच्या ग्रंथालयात आहेत) आणि रविवारी बुइए आला की लिहून झालेला भाग त्याला वाचून दाखवायचा, हा रिवाज ठेवला.

आराखड्यावर मत घ्यायचं ते एवढ्याचसाठी. त्यात भाषा नसते, माणसं धड उभी राहिलेली नसतात. असते ती फक्त कार्यकारणाची साखळी. म्हणून 'आवडलं का?' असं विचारलं की 'छान आहे' एवढंच हाती लागतं. समजा, आराखडा असा आहे: मुलगा जमीन विकायला गावी येतो, भावाशी बिनसतं, जत्रा होते, आई आजारी पडते, तो जमीन न विकता परततो. इथे विचारावं, जत्रा काढून टाकली तर पुढचं काय अडतं? आई धडधाकट असती तर त्याने जमीन विकली असती का? उत्तर 'हो' आलं, तर कादंबरीचा निर्णय नायकाने नव्हे, आजारपणाने घेतला. हे दोनशे पानांनंतर कळणं फार महागात पडतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की गोष्ट आधी सांगितली की तिची वाफ निघून जाते. काहींच्या बाबतीत हे खरंच आहे. एकटाकी, झपाटून लिहिणाऱ्याने आराखड्याच्या भानगडीत पडूही नये. पण वाफ बहुधा रंगवून सांगण्याने जाते, कोरडी दोन पानं हातात देण्याने नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मित्र चुकले तर? चुकतातच. त्यांनी जाळायला सांगितलेला विषय फ्लोबेरने सोडला नाही आणि 1874 मध्ये तो नव्याने लिहून छापला. म्हणून वाचकाने सुचवलेला उपाय बाजूला ठेवावा. तो स्वतःची कादंबरी सुचवत असतो. अडखळण्याची जागा मात्र टिपून घ्यावी. दोन-तीनच जणांना, शेवटासकट, आराखडा द्यावा आणि आठवड्याने कागद न बघता गोष्ट सांगायला लावावी. दोघांनी एकच प्रसंग गाळला, तर आधी तो तपासावा.