उसाच्या फडाआड

अकलूजहून पंढरपूरकडे निघालं की माळीनगर मागे पडतं आणि श्रीपूर येतं. दिवाळीनंतर या रस्त्याला घाई करून उपयोग नसतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, कर्णकर्कश गाणी, उसाने लादलेल्या बैलांच्या टायरगाड्या आणि कडेला वाढ्याच्या पेंढ्या विकायला बसलेल्या ऊसतोड बायका. हवेत मळीचा आंबूस वास. पर्यटनाच्या यादीत श्रीपूर कुठेच नसतं, आणि ते साहजिकही आहे. इथे डोंगर नाही, धबधबा नाही, लेणी नाहीत. तरीही चार दिवस मुक्काम टाकून माळशिरस, पंढरपूर, मंगळवेढा हा पट्टा बघायचा असेल, तर मला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी सुचत नाही. शिवाय श्रीपूर हे स्वतःच बघण्याजोगं ठिकाण आहे, फक्त आपल्याला तशी सवय नाही.

शंभर वर्षांपूर्वी हा सगळा दुष्काळी माळ होता. भोरजवळ भाटघरला वेळवंडी नदीवर मोठं धरण १९२८ साली पुरं झालं, नीरेचा उजवा कालवा माळशिरस तालुक्यात आला आणि माळाचा मळा झाला. १९३२ साली सरकारने देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं. पाणी आणि भाव दोन्ही एकदम मिळाल्यावर कारखानदार इकडे वळणारच. त्याच वर्षी सासवडच्या माळी बागायतदारांनी भागभांडवल गोळा करून ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ काढली, त्यातून माळीनगर वसलं. शेतकऱ्यांच्याच मालकीची ही कंपनी, तीही सहकारी कारखान्यांचं युग सुरू होण्याच्या कितीतरी आधीची. नीरेपलीकडे इंदापूर तालुक्यात सोलापूरचेच वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर उभं केलं. आणि १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी ‘बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट’ स्थापन करून श्रीपूरला कारखाना काढला. आगाशे भोर संस्थानच्या कारभारात वरच्या पदावर राहिलेले. म्हणजे पाणी भोरचं आणि ते साखरेत उतरवणारा माणूसही भोरच्याच दरबारातला! आज इथे गाळप करतो तो पांडुरंग सहकारी साखर कारखाना.

किल्ला म्हटलं की आपण मान वर करून बघतो, कारखान्याच्या धुराड्याकडे मात्र बघत नाही. खरं तर या तालुक्याचं आजचं रूप कुठल्याही राजवटीपेक्षा त्या धुराड्यांनीच जास्त घडवलं. गळीत चालू असताना रीतसर परवानगी काढून कारखाना आतून बघावा. गव्हाणीत मोळ्या पडतात तिथून पोत्यात साखर भरेपर्यंतचा प्रवास एका फेरीत कळतो. मुलांना तर कुठल्याही काचेच्या कपाटापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

काचेच्या कपाटाबाहेरचं संग्रहालय कसं असतं ते एका परदेशी गावात दिसतं. पोर्तुगालच्या दक्षिण भागात अलेंतेजु नावाचा शेतीचा मोठा प्रांत आहे. त्यात ग्वादियाना नदीच्या काठी मेर्तोला हे छोटंसं गाव. १९७८ साली क्लाउदिओ तोर्रेस या इतिहासकाराने तिथे उत्खनन सुरू केलं. पुढे जे सापडलं ते एका इमारतीत कोंबण्याऐवजी जागच्या जागी ठेवण्यावर भर दिला. नगरपालिकेच्या कचेरीखाली रोमन घर आहे, ते तिथेच खाली उतरून बघायचं. जुनी मशीद पुढे चर्च झाली, तिचा मिहराब अजून भिंतीत आहे. लोहाराचा भाता आणि घोंगड्या विणणाऱ्या बायकांचे माग हेही त्याच संग्रहालयाचे भाग. अख्ख्या गावालाच तिथे ‘संग्रहालय-गाव’ म्हणतात. आपल्या भीमा-नीरेच्या खोऱ्यात हे सारं आपसूकच तसं पसरलेलं आहे. दालनं आहेत, पाट्या आणि माहीतगार माणूस तेवढा नाही.

पहिलं दालन अकलूज. नीरेच्या काठचा भुईकोट किल्ला यादवांच्या काळातला मानतात. आता त्यात शिवसृष्टी उभी केली आहे. शाळेच्या सहलींची तिथे झुंबड असते, आणि मुलांना शिवचरित्र पुतळ्यांतून दिसतं हे चांगलंच. पण त्या पुतळ्यांच्या गर्दीत खुद्द अकलूजची गोष्ट राहून जाते. मोगलांनी या गावाचं नाव असदनगर ठेवलं होतं. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले, तेव्हा औरंगजेबाची छावणी इथेच पडलेली होती. ती बातमी त्याला अकलूजला मिळाली. मग छावणी बहादूरगडाकडे हलली आणि राजांना तिथे त्याच्यासमोर उभं केलं गेलं. पुढे एप्रिल १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेला जनरल वेलस्ली आणि हैदराबादेकडून आलेला कर्नल स्टीव्हन्सन यांची गाठही अकलूजलाच पडली. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच वेलस्ली. बुरुजावर चढून नीरेकडे बघताना हे माहीत असलं, तर किल्ला निराळा दिसतो.

अकलूजहून वेळापूर जवळ आहे, आणि माझ्या मते या पट्ट्यातलं सर्वांत दुर्लक्षित रत्न ते हेच. अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ, समोर पायऱ्यांचं कुंड. रामचंद्रदेव यादवाच्या काळातले शके १२२२ आणि १२२७ म्हणजे इ.स. १३०० आणि १३०५ चे शिलालेख इथले. देवगिरीचं राज्य अखेरच्या घटका मोजत होतं, अल्लाउद्दिनाची पहिली स्वारी होऊन गेली होती, आणि इकडे माणदेशाच्या कडेला माणसं दगडावर निवांत दानपत्रं कोरत होती. गाभाऱ्यात शिव आणि पार्वती शेजारी-शेजारी उभे आहेत. अर्ध्या अंगाची मूर्ती बघायला म्हणून येणारे भाविक क्षणभर गोंधळतात.

आवारातल्या वीरगळांपाशी मात्र थांबाच. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते, नाहीतर पळवून नेलेल्या गाई सोडवायला गेलेला वीर असतो, कधी तो आडवा पडलेलाही दिसतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. सगळ्यांवर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो. नाव बहुधा कोरलेलंच नसतं, ही गोष्ट वेगळी. शेंदूर फासून कित्येक वीरगळांचे म्हसोबा झालेत. त्यामुळे ते टिकले आणि त्यामुळेच ते वाचता येईनासे झाले.

नीरा आणि भीमा एकत्र येतात तिथे नीरा नरसिंहपूर. इंदापूर, माळशिरस आणि माढा हे तीन तालुके इथे एकमेकांना भिडतात. पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांचं हे दैवत. त्यांनी बांधलेलं देऊळ आणि नदीत उतरणारे घाट बघायला दुपार टाळून जावं.

श्रीपूरचा रस्ता म्हणजे तुकोबांच्या पालखीचा रस्ता. १६८५ साली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सुरू केलेला हा सोहळा सराटीला नीरास्नान करून सोलापूर जिल्ह्यात येतो. अकलूजला गोल रिंगण होतं, माळीनगरला उभं. उभ्या रिंगणात वारकरी रस्त्याच्या दोन्ही कडांना रांगेत उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेतून अश्व दौडत जातो. टापांखालची माती कपाळाला लावायला मग एकच झोंबाझोंबी. पुढे पालखी श्रीपूरवरून बोरगावकडे जाते. ज्ञानोबांची पालखी त्याच दिवसांत माळशिरस-वेळापूरच्या वाटेने येत असते. आषाढातल्या त्या दिवसांत देवळं-किल्ले बघायचा बेत मात्र करू नये. ना गाडी पुढे सरकते, ना मुक्कामाला खोली मिळते.

पंढरपुरात लोक विठोबाचं दर्शन घेतात आणि परततात. रांगेतून सुटल्यावर अर्धा दिवस आणखी ठेवा. विठ्ठलमंदिरातला ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ १२७३ ते १२७७ या काळातली देणगीदारांची यादी आहे. खुद्द रामचंद्रदेव आणि त्याचा करणाधिप हेमाद्री यांचाही त्यात उल्लेख. या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी भाविकांची समजूत, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक तिला पाठ घासत आले. अक्षरं झिजली, पण शिळा कुणी उचलून पायरीला बसवली नाही, हेही खरं. २०२४ च्या मे महिन्यात मंदिराच्या दुरुस्तीच्या कामात फरशीखाली तळघर निघालं आणि त्यात जुन्या मूर्ती सापडल्या, म्हणजे हे दालन अजून पुरतं उघडलेलं नाही.

देवळाबाहेर अहिल्याबाईंचा होळकरवाडा आणि बायजाबाई शिंद्यांचं द्वारकाधीश मंदिर चुकवू नका. त्याहून आधी तनपुरे महाराजांच्या मठात जा. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये याच मठात प्राणांतिक उपोषण केलं. लहान मुलं बरोबर असतील तर कैकाडी महाराजांच्या मठालाही वेळ द्यावा लागेल. चक्रव्यूहासारख्या वळणावळणाच्या वाटा आणि देव, संत, पुढारी यांचे शेकडो रंगीत पुतळे. जाणकार नाक मुरडतात, मला हा मठ लोकांनी लोकांसाठी केलेलं अस्सल संग्रहालय वाटतो.

मंगळवेढा संतांचं गाव: दामाजीपंतांचं, कान्होपात्रेचं. इथेच १३३८ साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले. तिथून सोलापूरच्या वाटेवर ब्रह्मपुरी आणि माचणूर. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची मुख्य छावणी भीमेच्या या काठावर होती. ब्रह्मपुरीचं नाव त्याने इस्लामपुरी केलं. बादशाही कैदेतल्या येसूबाई आणि शाहूराजे यांची इथली वर्षं कुणी फारशी आठवत नाही. माचणूरचा ढासळता किल्ला आणि नदीकाठचं सिद्धेश्वराचं देऊळ एकाच फेरीत होतात.

चार भिंतींचं, रीतसर मांडलेलं काही बघायचं तर सोलापूर गाठावं लागतं. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं राहतं घर स्मारक म्हणून जपलं आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांतले ते एक. १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. चिनी पाहुणे या घरी आवर्जून येतात, सोलापूरकरांनीही यावं. अक्कलकोटला स्वामींचं दर्शन झाल्यावर भोसल्यांच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघावं. आणि सोलापूरच्या दक्षिणेला भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथला शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आज सर्वांत जुन्यांपैकी एक मानतात.

जायचं ते मार्गशीर्ष-पौषात. उन्हाळ्यात भीमाकाठ भाजून काढतो आणि पावसाळ्यात उजनीतून पाणी सोडलं की चंद्रभागेच्या वाळवंटातली देवळं पाण्याखाली जातात. पौषात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हुरडा तयार असतो. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. येताना गाडीत जागा असेल तर एक पोतं टाकून आणा. भाव मात्र रस्त्यावरच्या दुकानात न विचारता बाजार समितीत विचारा.