जीभ रंगवणारं जांभूळ आणि साखर

जूनमध्ये गाणगापूरला भीमा-अमरजा संगमावर जाणार असाल, तर वाटेत जांभळं मिळाली की सालीसकट खा! 💜

🔸 जीभ रंगवणारं द्रव्य म्हणजे अँथोसायनिन. गरापेक्षा ते सालीत जास्त.

🔸 प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ते फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करतं आणि साखर प्रथिनांना चिकटण्याची क्रिया, म्हणजे ग्लायकेशन, मंदावतं. मधुमेहींची एचबीए१सी तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली हीच साखर मोजते; त्यातून साधारण २-३ महिन्यांचा अंदाज येतो.

🔸 मात्र खाल्लेल्यापैकी फार थोडं अँथोसायनिन जसंच्या तसं रक्तात पोचतं. त्यामुळे जांभूळ खा, पण गोळ्या बंद करू नका.

🔸 घरी करून बघा: रसात लिंबू पिळलं की लाल, खायचा सोडा टाकला की निळसर!