महालक्ष्म्यांच्या मखराची झालर

मी या शहरात गायन शिकवत असलो, तरी भाद्रपदातला सण आम्ही बुऱ्हाणपुरास, राजपुऱ्यातल्या जुन्या घरीच करतो. अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या (पुण्याकडे त्यांना गौरी म्हणतात) घरात येण्यापूर्वी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते. तीत मण्यांची तोरणे असतात, मोत्यांचे कंठे असतात, आणि जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेली मखराची जरीची झालर असते.

ही झालर कोणी विकत आणली नाही. वडील येथल्या राजवाड्यातल्या गणपतीपुढे गायला येत. ऐन सणात ते घरी नसत. ज्येष्ठा नक्षत्रावर, पूजनाच्या दिवशी पहाटेच्या गाडीने पोचत. बिदागीबरोबर कधी शेला मिळे, कधी उपरणे. वस्त्र विरले की माई त्याचा जरीकाठ उसवून घेई आणि झालरीला जोडी. असे सात काठ झाले.

बुऱ्हाणपूरकराला जरीची पारख असतेच. सतराव्या शतकात टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने येथल्या सोन्यारुप्याच्या काठांच्या तलम वस्त्रांचे वर्णन करून ठेवले आहे. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा, ती ओढून ओढून केसासारखी बारीक करायची, ठोकून चपटी केली की बादला, आणि तो रेशमावर गुंडाळला की कलाबतू. अशी खरी जर जाळली तरी चांदी हाती लागते. म्हणून जुनी जर घेणारे दारोदार फिरत.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांचा आवाज बसला, तो कित्येक महिने उठेना. गाणे नाही म्हणून बिदागी नाही. औषधपाणी मात्र थांबत नव्हते. एके दुपारी माईने पेटी उघडली आणि ओसरीवर बसलेल्या जर घेणाऱ्यापुढे दोन काठ उसवून ठेवले. इतक्या वर्षांची ती जर तागडीत किती हलकी भरली! त्या भाद्रपदात रिकाम्या जागी तिने तांबड्या खारव्याच्या दोन पट्ट्या शिवल्या.

पुढे आवाज परतला, पुन्हा उपरणी येऊ लागली. वडील म्हणाले, "आता तो खारवा काढून टाक." माई म्हणाली, "अडचणीला तोच उभा राहिला, त्याला कसा काढू?"

सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, तरी सोनेरी प्लास्टिकच्या झालरींनी बाजार भरलेलाच आहे. यंदा माझ्या मुलीने तशीच एक आणली. "बाबा, या लाल पट्ट्या फार विशोभित दिसतात हो. निदान तेवढ्या तरी बदलू या." तिचे चुकले नव्हते, तिला कोणी सांगितलेच नव्हते. सणाच्या या वस्तू वर्षातून तीन दिवस बाहेर येतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची हकीगत बाहेर आली नाही, तर पुढच्या पिढीला त्या नुसत्या चिंध्या वाटतात. मी तिला सगळे सांगितले.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने पाहिले, तर खारव्याची एक कड उसवली होती, ती सुईदोरा घेऊन टाके घालीत बसली होती. टाके जरा वाकडे पडले आहेत. माई असती तर उसवून पुन्हा घालायला लावले असते. माई जाऊन तीन वर्षे झाली. मी ते टाके तसेच राहू दिले.