चमत्कार नव्हे, हातचलाखी!

बुद्धपौर्णिमा वैशाखात येते. शाळांना सुटी असते, गावाकडची माणसे शहरात आलेली असतात किंवा आपण गावी गेलेलो असतो. सकाळी विहारात वंदना होते, घरी खीर होते आणि संध्याकाळी पाहुणे जमतात. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनालाही घरोघरी असेच असते. पण जमलेल्या माणसांनी करायचे काय? बहुतेक घरांत टीव्ही लावला जातो, पोरे मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात आणि मोठी माणसे नोकरी, लग्ने आणि आजारपणाच्या गप्पा मारतात. जेवण झाले की जो तो आपल्या वाटेने जातो.

अशा दिवसासाठी एक बिनखर्चाची गोष्ट सुचवावीशी वाटते. रस्त्यावरचा जादूगार जे खेळ करतो, त्यांतले दोन-तीन सोपे खेळ घरातल्या मुलामुलींनी शिकावेत आणि पाहुण्यांना करून दाखवावेत.

काही बांधव लगेच विचारतील, ‘परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला देव-देवस्कीतून बाहेर काढले आणि तुम्ही पोरांना जादू शिकवता?’ शंका रास्त आहे. म्हणून आधी तिचाच विचार करू.

तथागतांची भूमिका

दीघनिकायात केवट्ट सुत्त आहे. नालंदेचा केवट्ट नावाचा गृहस्थ तथागतांना विनंती करतो, की एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे नालंदेच्या लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत नकार देतात. त्यांचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याची श्रद्धा नाही तो म्हणेल, ही तर गांधारी नावाची विद्या आहे, त्या विद्येने कोणीही हे करील. मग त्या चमत्काराने काय साधले? तथागतांनी खरे मोल दिले ते उपदेशाला, माणसाचे मन बदलणाऱ्या शिकवणीला.

विनयपिटकात पिंडोल भारद्वाजाची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने उंच बांबूवर चंदनाचे पात्र टांगले आणि ऋद्धीच्या बळावर जो ते काढील त्याला ते देऊ केले. पिंडोलाने ते काढून आणले. तथागतांनी त्याची कानउघाडणी केली, पात्राचे तुकडे करायला लावले आणि लोकांपुढे चमत्कार दाखवण्यास भिक्खूंना मनाई केली.

म्हणजे आक्षेप आहे तो चमत्काराच्या नावावर माणसे वळवण्याला. रस्त्यावरचा जादूगार स्वतःला अवतार म्हणवत नाही. खेळ करतो, टाळ्या घेतो, पोटासाठी चार पैसे मागतो आणि निघून जातो. बुवा तोच हात फिरवतो, मुठीतून अंगारा काढतो आणि आयुष्यभराची गुलामी मागतो. हात सारखाच, दावा वेगळा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ साली स्थापन झाली. तिचे कार्यकर्ते गावोगावी हेच करत आले. आधी ‘चमत्कार’ करून दाखवायचा आणि मग त्यामागची युक्ती सांगायची. या समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे आणि लोकांना फसवणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

घरी करता येतील असे तीन खेळ

पहिला खेळ लहानांसाठी, रबराचा. वह्यांना लावतात तसे रबर पहिले बोट आणि मधले बोट यांच्या मुळाशी अडकवावे. तळवा आपल्याकडे ठेवावा. दुसऱ्या हाताने रबर आपल्याकडे ओढून चारही बोटे वाकवावीत आणि त्यांची टोके रबराच्या आत घालून रबर सोडावे. पाहुण्यांना मुठीची बाहेरची बाजू दिसते आणि तिथे रबर दोनच बोटांवर असते. बोटे झटकन सरळ केली की रबर उडी मारून अनामिका आणि करंगळीवर जाते. सहा-सात वर्षांचे मूलही हे दहा मिनिटांत शिकते.

दुसरा खेळ नाण्याचा. ‘आत्या, एक नाणे द्या बरे,’ असे म्हणून नाणे पाहुण्यांकडूनच घ्यावे. डाव्या हाताचा तळवा वर करून अंगठा आणि बोटांच्या टोकांत नाणे कडेने धरावे. उजवा हात ते घ्यायला पुढे न्यावा. उजवा अंगठा नाण्याच्या खालून आत जातो आणि बोटे नाण्याला समोरून झाकतात. त्याच क्षणी डाव्या बोटांतून नाणे तळव्यात सोडून द्यावे आणि उजव्या हाताची मूठ मिटून ती बाजूला न्यावी. डावा हात सैल सोडावा, घट्ट आवळू नये. मुख्य गोष्ट एकच, आपली नजर उजव्या मुठीवर ठेवायची. आपण जिकडे पाहतो तिकडे पाहुणे पाहतात. मूठ उघडली की ती रिकामी! आरशासमोर आठ-पंधरा दिवस सराव केल्याशिवाय हा खेळ लोकांसमोर करू नये.

तिसरा खेळ वाट्या-गोळ्यांचा, म्हणजे रस्त्यावरच्या जादूगाराचा सगळ्यांत जुना खेळ. त्याच्या वाट्यांना वर गोंडा असतो. तो बोटांच्या बेचक्यात धरून वाटी उचलता-ठेवता तो गोळी आत सरकवतो. ते कसब वर्षांच्या मेहनतीचे आहे. आपण चहाचे तीन कागदी पेले घ्यावेत, आरपार न दिसणारे. कागदाच्या हरभऱ्याएवढ्या चार गोळ्या कराव्यात. पाहुण्यांना तीनच दिसतील, चौथी आधीच मधल्या पेल्यात असेल. पेले एकात एक घालून तोंडे वर करून धरावेत. खालून एकेक काढून तो झटक्यात पालथा ठेवावा आणि दुसरा पेला मध्ये येऊ द्यावा. हात झटकन वळला तर आतली गोळी दिसत नाही. आता मधल्या पेल्यावर एक गोळी ठेवावी, तिच्यावर उरलेले दोन पेले पालथे घालावेत, वर टिचकी मारावी आणि तिन्ही पेले एकदम उचलावेत. खाली गोळी! गोळी पेल्याच्या बुडातून खाली गेली असे वाटते. वर ठेवलेली गोळी आता पेल्यांच्या मध्ये लपलेली असते आणि तीच पुढच्या वेळी चौथ्या गोळीचे काम करते. त्यामुळे लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा खेळ करता येतो.

विस्तव, कापूर, पाती, सुया यांचे खेळ मुलांच्या हाती देऊ नयेत. दोरीवरची कसरतही घरी करायची गोष्ट नाही.

कष्टाचा पैसा आणि चौथी गोळी

हे शिकून पोरांच्या पदरात काय पडते? बाजारात किंवा स्टेशनाबाहेर पत्त्यांचा, नाही तर वाट्यांचा डाव मांडून बसलेला माणूस आपण पाहिलेला असतो. पगाराच्या दिवशी कामगार तिथे थांबतो. समोर एकजण पैसे लावतो आणि जिंकतो, म्हणून हाही लावतो. तो जिंकणारा त्याच टोळीतला असतो. कुठे दागिने उजळून देणारे दारात येतात, तर कुठे ‘पैशाचा पाऊस’ पाडून देणारा मांत्रिक भेटतो. चमकता दागिना, धूर, मंत्र, मोठमोठ्याने बोलणे हे सगळे उजव्या मुठीसारखे असते. नजर तिकडे जावी आणि खरे काम दुसऱ्या हाताने उरकावे, एवढाच त्याचा उपयोग. ज्या मुलीने स्वतःच्या हाताने चौथी गोळी लपवली आहे, ती उद्या कोणत्याही बुवापुढे बसली तरी त्याचा दुसरा हात पाहील. चांगले मार्क मिळवूनही ही नजर येतेच असे नाही. शिकलेली माणसेही बुवांच्या रांगेत उभी असतात.

खेळ दाखवताना खोटे बोलणे होते का, पंचशीलातल्या चौथ्या शीलाचा भंग होतो का, असेही कोणी विचारील. म्हणून मुलाने सुरुवातीलाच हात जोडून सांगावे, ‘जयभीम! मी तुम्हाला हातचलाखी दाखवणार आहे. यात मंत्र नाही, दैवी शक्ती नाही.’ युक्ती सांगायची की नाही हे त्याने ठरवावे, पण युक्ती आहे हे सांगितलेच पाहिजे. शेवटी रबराचा खेळ सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांना शिकवून टाकावा. आजी-आजोबाही बोटांत रबर अडकवून बसतील आणि घर हसेल.

ज्यांची ही विद्या, त्यांची आठवण

ही कला आपल्याला आयती मिळालेली नाही. रंगमंचावरच्या जादूगाराला पडदा असतो, दिवे असतात. रस्त्यावरचा कलावंत जमिनीवर फडके पसरून बसतो, चारही बाजूंनी माणसे उभी असतात आणि भर उन्हात तो नजर चुकवतो. ही कसबे जपली ती बहुतांशी भटक्या जमातींनी. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा सुटला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. पुढे १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाणे, नाच किंवा खेळ करून पैसे मागणेही भिकेतच धरले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्या कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती रद्द केली. ज्याच्या हातात कला आहे त्याला भिकारी म्हणायचे, आणि दक्षिणा घेणाऱ्याच्या पाया पडायचे, ही या देशाची रीत!

आपल्याला याचे दुःख अधिक कळायला हवे. जन्मावरून शिक्का बसणे म्हणजे काय, हे आपल्या बापजाद्यांनी भोगले आहे. शिवाय २००७ च्या मे महिन्यात मुंबईत भटक्या-विमुक्त समाजातील हजारो माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ते आता आपले धम्मबांधव आहेत.

म्हणून वस्तीत असा कलावंत आला तर त्याला हाकलू नये. त्याचा खेळ पूर्ण पाहावा आणि ठरवून मोबदला द्यावा. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातून थोडी रक्कम काढून एका संध्याकाळी त्याला विहाराच्या अंगणात मानाने बोलवावे आणि वस्तीतल्या मुलांना दोन खेळ शिकवायला सांगावे. त्याच्या पोटावर चालणारी खास युक्ती मात्र कोणी फोडू नये. त्याची मुले शाळेत जातात की नाही, हे त्याच वेळी विचारावे आणि जात नसतील तर दाखल्याच्या कामात मदत करावी. बाबासाहेबांनी दिलेल्या ‘शिका’ या आदेशात तीही मुले येतात.

येत्या पौर्णिमेला खीर शिजेपर्यंत पोरांच्या हाती तीन पेले आणि चार गोळ्या द्या. टीव्ही तासभर बंद राहू द्या.